बर्फावर नवा माणूस: जुन्यांनी काय करावं, काय टाळावं

बेळगावात बर्फ बघायचा तर उसाच्या रसाच्या गाड्यावर, नाहीतर मासळी बाजारात. तरीही दर फेब्रुवारीत आमच्यातली दहा-पंधरा माणसं गोवा एक्स्प्रेसमध्ये बसतात, दोन रात्री काढून निजामुद्दीनला उतरतात आणि तिथून ऋषिकेश, जोशीमठ करत उत्तराखंडातल्या औलीला, स्की करायला, पोचतात. कशासाठी, ते विचारू नका. स्कीवर उभा राहून दहा मीटर घसरत गेलेला आणि न पडता स्वतःहून थांबलेला माणूस पुढच्या वर्षी परत येतोच.

अडचण असते ती त्या दहा मीटरपर्यंत पोचायची. एकदा येऊन पुन्हा न फिरकलेल्यांपैकी बऱ्याच जणांशी मी नंतर सवडीनं बोललो. उतार अवघड होता, थंडी सोसली नाही, असं फार थोडे म्हणाले. "तुम्ही सगळे पुढं निघून गेलात" हे मात्र पुन्हापुन्हा ऐकलं. म्हणून हा लेख नव्यांसाठी नाही, जुन्यांसाठी आहे. स्की कशी करायची ते शिकवायला तिथं शिक्षक असतात. नव्या माणसाला सांभाळून घेणं हे आपलं काम.

माझी स्वतःची सुरुवात सांगतो, म्हणजे मी इतकं का टोकतो ते कळेल. पहिल्याच दुपारी बरोबरचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "काय होत न्हाई, चल की वर." गेलो. वर पोचल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि सुर्रकन खाली दिसेनासे झाले. मी तो उतार पार्श्वभागावर बसून उतरलो. दीड तास लागला. खाली आलो तेव्हा ते चहा पीत होते आणि त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण मला धाडसी केलं.

पायरी पहिली: दिवाळीनंतरचे रविवार

तयारी बेळगावातच सुरू होते. दिवाळी झाली की दर रविवारी गावाजवळच्या राजहंसगडावर चढायचं. पहिल्या दिवशी नव्या माणसाबरोबर चालायला एकच जुना माणूस ठरवा आणि त्यानं नव्याच्या मागं राहायचं. पुढं चालणारा कितीही सावकाश चालला तरी मागच्याला आपण रखडवतोय असंच वाटतं. मागं कुणी असलं की माणूस आपल्या दमानं चालतो.

मांड्यांना ताकद हवी. भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. आधी अर्धा मिनिट, मग वाढवत दोन मिनिटं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज फिरणाऱ्यांनाही पहिल्यांदा हे जड जातं, कारण सपाटीवर चालण्यात मांडीचा पुढचा भाग फारसा दमत नाही. जिन्यावरून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त उपयोगी पडतो.

दुसरी तयारी माझ्या घरी होते. माळ्यावर जुन्या स्की-बुटांचे दोन जोड आहेत. नव्या माणसाला चहाला बोलवायचं आणि ते बूट चढवायला लावायचे. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकचं कडक कवच, घोटा हलत नाही, टाच उचलून चालता येत नाही. हे पहिल्यांदा बर्फावर, थंडीत, वीस अनोळखी माणसांसमोर कळण्यापेक्षा शहाबादी फरशीवर, हातात चहाचा कप असताना कळलेलं बरं.

घालायची रीतही इथंच दाखवा. मोजा एकच, लांब, सुरकुती नसलेला. दोन मोजे घातले की पाय गरम राहील ही समजूत चुकीची आहे. पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. आतली उबदार विजार बुटाच्या वरच संपली पाहिजे, आत खोचायची नाही. सगळे बक्कल उघडा, बुटाची जीभ पुढं ओढा, पाय घाला, टाच जमिनीवर दोनदा आपटा आणि मगच बक्कल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागं सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा. भाड्यानं बूट घेताना नवा माणूस संकोचानं "चालतंय" म्हणतो आणि संध्याकाळी नडगी सोललेली असते. घरी एकदा घातलेला असला की तो दुकानात "दुसरा दाखवा" म्हणतो.

बूट काढून नुसत्या लोकरी मोज्यांवर, भिंतीला हात धरून, त्याच फरशीवर टाचा बाहेर ढकलायचा सराव करून घ्या. त्याचं काम पुढं येईल.

पायरी दुसरी: पैसे आणि सामान, दोन्ही कागदावर

सगळा खर्च एका कागदावर लिहून द्या. रेल्वे, जीप, राहणं, कोर्स, भाड्याचं सामान, वाटेतला चहा, ड्रायव्हरचं जेवण, सगळं. नव्या माणसाला पैशाचं विचारायला अवघड वाटतं आणि वाटेत "अजून पाचशे काढा" असं चारदा झालं की तो मनातल्या मनात हिशेब करत बसतो.

विकत काय घ्यायचं? पहिल्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट भाड्यानं मिळतं. स्वेटर, कानटोपी घरी असते. जीन्स मात्र नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. बेळगावच्या पावसामुळं प्रत्येकाकडं रेनसूट असतोच, उन्हाच्या दिवशी वरून तो चालून जातो. फक्त सांगून ठेवा की त्याचं कापड गुळगुळीत असतं, पडल्यावर माणूस बराच खाली घसरत जातो. दोन गोष्टींवर मात्र खर्च करायला लावा: पाणी आत न जाणारे हातमोजे आणि चांगला काळा चष्मा. लोकरीचे हातमोजे अर्ध्या तासात ओले होतात. आणि ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावायचं, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

नव्या बायकांशी आमच्यातल्या जुन्या बायकाच आधी बोलतात, आणि स्पष्ट बोलतात. उतारावर स्वच्छतागृह कुठं असतं, एवढे कपडे घातल्यावर किती वेळ लागतो, पॅड घरूनच का न्यायचे. या भीतीनं दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि उंचावर पाणी न पिणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण.

पायरी तिसरी: गाडीतल्या दोन रात्री

इथंच ग्रूप बनतो किंवा फुटतो. जुनी मंडळी एका बाजूला बसतात, मिरज यायच्या आत जुन्या ट्रिपांच्या गोष्टी सुरू होतात, "त्या वेळी जीपमध्ये काय झालतं आठवतंय काय?" आणि सगळे हसतात. नवा माणूस खिडकीबाहेर बघतो. जुनी गोष्ट सांगायला हरकत नाही, पण ती अथपासून सांगा, त्याला कळेल अशी.

शिवाय त्याला काम द्या. आमच्याकडं शेंगाचटणीचा डबा, दशम्या आणि कुंदा यांचा कारभार नव्या माणसाकडं असतो. वाढायच्या निमित्तानं तो प्रत्येकाशी बोलतो आणि तिसऱ्या जेवणापर्यंत कोण तिखट खातं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

जेवणाचं आधी विचारून ठेवा. आपल्या भागात जैन घरं पुष्कळ आहेत, त्यांतले काही सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. डोंगरात फेब्रुवारीत अंधार लवकर पडतो. अशा माणसासाठी संध्याकाळी पाचचं जेवण स्वयंपाक्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि ते ग्रूपमधल्या कुणीतरी सांगायचं, त्यानं स्वतः नाही.

भाषेचंही तसंच. दहा मराठी माणसांत एक कन्नड बोलणारा असला की त्याला मराठी समजतं म्हणून आपण निर्धास्त असतो. पण उतारावर भीती वाटली की माणसाला आपल्या भाषेतलीच सूचना पटकन पोचते. त्यामुळं आम्ही मोजके शब्द आधीच ठरवतो. "सावकाश" हा आमचा सगळ्यात लाडका, कारण इकडच्या कन्नडमध्येही तो तसाच आहे. तिथले शिक्षक हिंदीत बोलतात, ती कुणाला कमी येत असेल तर हळूच शेजारी उभं राहून सांगायचं. आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल आपल्या डब्यात लावायला जाऊ नये.

ऋषिकेशहून जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर, सगळा घाटरस्ता, पूर्ण दिवस जातो. गोव्याला जाताना चोर्ला घाटात ज्याला मळमळतं त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि गोळी निघायच्या आधी द्या. जोशीमठात एक रात्र काढा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटरवर, तेव्हा शरीराला एक दिवस द्यायला हवा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, औलीला जाणारा रोपवे बंद झाला, तेव्हापासून आम्ही वर रस्त्यानंच जातो. कुठल्या वर्षी बर्फच कमी पडतो, तेही नव्या माणसाला निघायच्या आधी सांगून टाका.

पायरी चौथी: बर्फावरचा पहिला दिवस

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक नुकसान इथंच होतं.

पहिला नियम: एका नव्याला एकच जुना, तोच त्याचा जोडीदार. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. एका वर्षी खानापूरकडचा एक तरुण पहिल्यांदा घसरत निघाला तेव्हा खालून पाच जण ओरडत होते: गुडघे वाकव, पुढं बघ, हात पुढं, टाचा बाहेर, घाबरू नको. पोरगं पाचही ऐकायचा प्रयत्न करत सरळ कुंपणाच्या जाळीत गेलं. लागलं काही नाही, पण त्या दिवशी पुन्हा स्की बांधायला तयार होईना. एका घसरणीला एकच सूचना, तीही सुरू होण्याआधी. मध्ये काही नाही. खाली आल्यावर आधी विचारायचं, "कसं वाटलं?" मग पुढची सूचना.

दुसरा: शिक्षकाच्या विरुद्ध बोलायचं नाही. त्याची पद्धत आपल्याला जुनाट वाटली तरी नव्या माणसानं एकाचंच ऐकावं. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड किती घट्ट असावी, तेही आपण फिरवायचं नाही. पडल्यावर ती सुटली पाहिजे आणि वजन, उंची, बूट बघून ते जुळवायचं काम सामान देणाऱ्याचं.

तिसरा: आधी स्वतः पडून दाखवा. हे मी फार मानतो. सपाटीवर उभं राहून, गुडघे वाकवून, एका कुशीवर बसल्यासारखं पडायचं, हात पुढं, तळवा टेकून शरीर सावरायला जायचं नाही. मग उठायचं कसं ते: दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या, एकमेकींना समांतर, कमरेजवळ ओढून घ्यायच्या आणि वरच्या बाजूच्या हातानं रेटा देत उठायचं. स्कीची टोकं खाली वळलेली असतील तर उठता उठता माणूस निघून जातो. पन्नाशीचा जुना माणूस मुद्दाम चारदा पडून उठला की नव्याची अर्धी लाज तिथंच जाते.

आता शिकवायच्या उपमा. पुस्तकी शब्द बर्फावर चालत नाहीत. थांबायसाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची असतात. आम्ही त्याला चतकोर म्हणतो, भाकरीचा चतकोर. "चतकोर मोठा कर" म्हणजे टाचा आणखी बाहेर ढकल, ब्रेक लाव. "रूळ कर" म्हणजे स्की समांतर, वेग घे. पुढची टोकं एकमेकींवर चढू द्यायची नाहीत, मध्ये चार बोटं जागा हवी. घरी शहाबादी फरशीवर मोज्यांनी केलं होतं ते हेच, आणि तसं आठवण करून दिलं की चेहरा उजळतो.

उभं राहण्याची रीत सांगताना "वाक" म्हणू नका. आपल्याकडची माणसं भातलावणीला वाकतात तशी कमरेतून वाकतात, पार्श्वभाग मागं जातो, वजन टाचांवर येतं आणि स्की हातच्या जातात. त्याऐवजी सांगा, डोक्यावर भरलेली घागर आहे, ती न सांडता थोडं खाली बस. मग गुडघे आणि घोटे आपोआप वाकतात, नडगी बुटाच्या जिभेवर टेकते. हीच ती जागा. नडगीला दाब लागतोय का, एवढंच विचारत राहा.

वळणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. तिथं सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण डावीकडं वळायचं तर उजव्या पायावर वजन द्यावं लागतं. यावर मी पुष्कळ डोकं खपवलं, शेवटी वडगावच्या एका शेतकऱ्यानं, जो स्वतः नवाच होता, सोडवलं. तो म्हणाला, "म्हंजे बैलगाडीसारखंच की. डावीकडं वळवायची तर उजवा बैल हाकायचा." तेव्हापासून आमच्याकडं वळण म्हणजे "उजवा बैल" आणि "डावा बैल". शिक्षक हसतात, पण ते बरोबर कळतं.

वर ओढून नेणारी लिफ्ट आली की पुन्हा एकदा थांबा. दोरीला लावलेली तबकडी पायांत घ्यायची असते, आणि नवा माणूस हमखास तिच्यावर बसतो आणि आपटतो. ती बसायला नाही, ओढायला आहे. गुडघे सैल, स्की मळलेल्या वाटेत सरळ. पडलास तर सोडून दे आणि बाजूला हो, मागून दुसरा येतोय. आधी लांब उभं राहून दहा माणसं जाताना बघू द्या.

आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे वागण्याचे दहा नियम आहेत. पहिल्या दिवशी तीन पुरेत: खाली असलेल्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. थांबायचं तर कडेला. निघण्याआधी वर बघायचं. जुन्यांनी हे स्वतः पाळावं, विशेषतः पहिला. नवशिक्याच्या अगदी जवळून वेगानं जाऊन बर्फ उडवण्याची काहींना हौस असते. त्यांना मी त्या संध्याकाळी भांडी घासायला लावतो.

पायरी पाचवी: तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सगळं बिघडतं. मांड्या दगड झालेल्या असतात, पहिल्या दोन दिवसांचं अप्रूप संपलेलं असतं, कुणीतरी आपल्यापेक्षा पुढं गेलेलं असतं. सकाळी उतार रात्रीच्या थंडीनं कडक झालेला, चतकोर केला तरी स्की खरवडत जाते आणि नव्याला वाटतं, मी काल शिकलेलं विसरलो. त्याला सांगा, बर्फ बदललाय, तू नाही. ऊन येऊन थोडा मऊ होईपर्यंत थांबा.

"मी आज येत नाही" असं कुणी म्हणालं तर समजूत घालू नका. त्याचा जोडीदार त्याच्याबरोबर चहाच्या टपरीवर बसेल, समोर नंदादेवी दिसत असते, ७,८१६ मीटर, तिच्याकडं बघत तासभर गेला तरी काही बिघडत नाही. आमच्या अनुभवानं दहातले बरेच जण दुपारी स्वतःच म्हणतात, एक फेरी मारूया काय.

दुपारी मात्र उलट काळजी. चांगलं जमायला लागलं की "शेवटची एक" अशी भूक सुटते आणि दमलेल्या पायांनी घेतलेल्या त्याच फेरीत गुडघे मुरगळतात. आम्ही "शेवटची" हा शब्दच वापरत नाही. जोडीदार म्हणाला थांबूया, की थांबायचं, जुन्यानंही.

कुणी पडून उठलाच नाही तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा, म्हणजे वरून येणारे बाजूनं जातील. बूट काढू नका, ओढून उभं करू नका, गस्तीवाल्यांना किंवा शिक्षकाला बोलवा. गुडघ्यातून कट्ट आवाज आला असं तो म्हणाला तर "चालून बघ की" हे वाक्य गिळा.

पायरी सहावी: परत आल्यावर

बेळगाव स्टेशनवर उतरून सगळे पांगतात आणि हा माणूस एकदम एकटा पडतो. आठवड्याच्या आत जोडीदारानं फोन करायचा. फोटो पाठवायचे, त्यांत त्याचेही असू द्या, फक्त पडतानाचे नकोत. पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी राजहंसगडला बोलवायचं.

पुढच्या वर्षी नव्यांच्या जोडीला याच माणसाला द्या. मला वीस-बावीस वर्षं झाली, चतकोर करताना पाय काय करतात ते मला आता सांगताच येत नाही, ते होऊन जातं. गेल्या वर्षी शिकलेल्याला मात्र कुठं भीती वाटली होती ते मीटरच्या हिशेबात आठवतं.

यंदा दिवाळीनंतर बूट माळ्यावरून काढून अंगणात उन्हाला ठेवले होते. चहाला दोन नवी माणसं आली होती, शहापूरच्या एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा भाचा. बाई बूट घालून उभ्या राहिल्या आणि भिंत सोडेनात. तो वडगावचा शेतकरी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला, हात न लावता, आणि म्हणाला, "बाई, सावकाश. मी मागं हाय."